‘स्टिफ’ची कुळकथा

इंग्रजीत कॉलर स्टिफ असते, वारा स्टिफ असतो, व्हिस्कीचा पेगही स्टिफ असतो. न्यायाधीश स्टिफ शिक्षा ठोठावतो, डोंगराची चढण स्टिफ लागते, दुकानदाराने सांगितलेला भाव स्टिफ वाटतो. चारचौघांत मोकळेपणाने न वावरणारा माणूस स्टिफ. कंटाळून जीव जायची वेळ आली की माणूस ‘बोअर्ड स्टिफ’ होतो आणि जीव खरोखरच गेला की अमेरिकन बोलीत त्या मृतदेहालाच ‘स्टिफ’ म्हणतात. मराठीत एवढं सगळं सांगायचं तर ताठ, कडक, घट्ट, जोराचा, जबर, खडा, चढा अशी रांग लावावी लागते, आणि भाषांतरकार दर वेळी नव्याने अडतो.

शब्दकोश या अर्थांना क्रमांक देतात आणि ते एकाखाली एक रचतात. त्यामुळे शब्दाला वीस-पंचवीस वेगळे अर्थ आहेत असा भास होतो. माझ्या मते खोडं दोनच आहेत. विशेषणाचे सगळे अर्थ एका अनुभवातून फुटलेत: आपण जोर लावावा आणि समोरच्याने अपेक्षेपेक्षा कमी दाद द्यावी. वाऱ्यात चालताना, चढण चढताना, घासाघीस करताना अनुभव तोच असतो. नाम आणि क्रियापद म्हणून जी बोलीतली वापराची तऱ्हा आहे, तिचं खोड मात्र वेगळं. ते बहुतांशी मृतदेहातून उगवलेलं आहे. या दोन खोडांची सरमिसळ केली की ‘स्टिफ’ला काहीच शिस्त नाही असं वाटू लागतं.

आधी मुळांकडे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘स्टीफ’ असा दीर्घ उच्चाराचा होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘श्टाइफ’ आणि डचमध्येही त्याच घडणीचा, त्याच अर्थाचा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. त्यांच्या मागे जाऊन भाषाशास्त्रज्ञांनी इंडो-युरोपीय ‘स्टेइप’ हा धातू मांडला आहे. त्याचा अर्थ दाबणं, ठासून भरणं. ताठपणाचा आणि ठासण्याचा संबंध काय, हे धान्याचं पोतं पाहिलेल्याला सांगायला नको. सैल भरलेलं पोतं भिंतीला टेकवलं तरी घसरतं. दाणे ठासून भरलेलं पोतं आपल्या पायांवर उभं राहतं. लिथुआनियन भाषेत याच मुळाचा ‘स्टिप्रुस’ म्हणजे बळकट. लॅटिनमध्ये ‘स्टिपारे’ म्हणजे कोंबून भरणं, आणि त्यातूनच आलेलं ‘कॉन्स्टिपेशन’ आपल्याकडे औषधांच्या दुकानात रोज ऐकू येतं.

लॅटिनची दुसरी शाखा बंदरावर उतरली. स्पॅनिशमध्ये ‘एस्तिबार’ म्हणजे जहाजाच्या पोटात माल नीट ठासून रचणं. हे काम करणारा ‘एस्तिबादोर’. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन बंदरांत त्याचा ‘स्टीव्हडोर’ झाला. मुंबईच्या गोदीत आणि मुरगावला हा शब्द मराठी-कोकणी तोंडांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या कुणाला ‘स्टिफ’ आणि ‘स्टीव्हडोर’ सख्खे नसले तरी चुलत आहेत असं सांगितलं तर तो हसेल, पण नातं खरं आहे.

इथे मराठी वाचकाला एक मोह होतो. ‘स्टिफ’ ऐकला की आपले स्तंभ, स्तब्ध, स्तंभित हे शब्द डोळ्यांपुढे येतात. अर्थ जुळतो, सुरुवातीचा ‘स्त’ जुळतो, मग एकच मूळ असणार! भाषाशास्त्रज्ञ मात्र स्तंभ आणि स्तब्ध यांना निराळ्या धातूखाली ठेवतात, आणि इंग्रजीतला ‘स्टाफ’, म्हणजे मुळात काठी, त्यांच्याच घरातला मानतात. कपड्यांना घालायचा ‘स्टार्च’, जर्मनमधला मरणे या अर्थाचा ‘श्टेर्बेन’ आणि इंग्रजीतला ‘स्टार्व्ह’ हे तिसऱ्याच घरातले. ‘स्टार्व्ह’चा जुना अर्थही उपाशी राहणं असा नव्हता, नुसतं मरणं असा होता. तीन वेगवेगळी घरं, तिन्हींत ताठपणा आणि दोहोंत मरण. आवाजात सारखेपणा आहे म्हणून रक्ताचं नातं जोडू नये, हा व्युत्पत्तीतला पहिला धडा या शब्दाइतका चांगला दुसरा क्वचितच शिकवेल.

मध्ययुगीन इंग्रजीत ‘स्टिफ’ ही शाबासकी होती. चौदाव्या शतकातल्या ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या काव्यात खुद्द आर्थर राजाला हे विशेषण लावलं आहे. अर्थ खंबीर, शूर, न डगमगणारा. योद्धा स्टिफ असायचा, लढाई स्टिफ असायची. आज तेच विशेषण राजाला लावलं तर डोळ्यांसमोर येईल तो समारंभात अवघडून बसलेला कुणीतरी. आधुनिक भाषांतरकार तिथे दुसरा शब्द घालतात.

ही घसरण कशी झाली? रणांगणावर जागचा न हलणारा माणूस हवाच असतो. दिवाणखान्यात तोच माणूस जड होतो. सतराव्या शतकापासून ‘स्टिफ’ शिष्टाचाराबद्दल वापरला जाऊ लागला आणि लेखनशैलीबद्दलही. शब्दाचा अर्थ बदलला असं म्हणण्यापेक्षा लोक कुठे उभे राहून तो उच्चारतात ती जागा बदलली, असं मी म्हणेन. गुण तोच होता. त्याची गरज असलेली माणसं कमी झाली.

निंदेची एक जुनी वाट धर्मग्रंथातूनही आली. हिब्रू बायबलमध्ये ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्या लोकांवर देव संतापतो आणि त्यांना मानेचे कडक म्हणतो. उपमा शेतातली आहे. जू ठेवू न देणारा, मानेला हिसडा देणारा बैल. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांनी ती शब्दशः उचलली. १५२६ मध्ये विल्यम टिंडेलचा इंग्रजी नवा करार छापून आला आणि त्यातून ‘स्टिफ-नेक्ड’ हा जोडशब्द इंग्रजीत रुजला. मराठी बायबलमध्येही हे लोक ‘ताठ मानेचे’च आहेत. गंमत अशी, की चर्चबाहेरच्या मराठीत ताठ मानेने जगणं ही अभिमानाची गोष्ट आहे. आपण तोच दोष द्यायचा तर मान सोडून ‘ताठा’ म्हणतो. संस्कृतातही शरीराचा ताठपणा गर्वाचं लक्षण झाला आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या माणसांना ‘स्तब्ध’ म्हटलं आहे, तिथे अर्थ थक्क झालेला असा नाही, न वाकणारा, गर्विष्ठ असा आहे. हिब्रूचा आणि संस्कृतचा इथे काही देवाणघेवाणीचा संबंध नाही. माणसाची मान सगळीकडे सारखीच.

त्या मानेभोवती एकोणिसाव्या शतकाने कडक कॉलर बसवली. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या गावी १८२७ च्या सुमारास हॅना माँटेग्यू या गृहिणीने नवऱ्याचे अख्खे शर्ट धुण्याला कंटाळून कॉलर कापून वेगळी केली, असं सांगतात. त्यातून सुट्या कॉलरींचा एवढा मोठा धंदा उभा राहिला की ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ हे नाव पडलं. जर्मनांनी उंच, टोकदार, कडक कॉलरीला ‘फाटरम्योर्डर’, म्हणजे बापाचा खुनी, असं नाव दिलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर मऊ कॉलरीची सवय झालेली पिढी परतली आणि हा धंदा ओसरला. इंग्रजीतला शिष्ट, कृत्रिम वागणारा ‘स्टिफ’ माणूस आपण कल्पनेत पाहतो, तेव्हा त्याच्या गळ्यात बहुधा हीच कॉलर असते.

‘स्टिफ अप्पर लिप’ची गोष्ट याहून मजेदार आहे. संकटात चेहऱ्यावरची रेष न हलू देणं, हा इंग्रजांचा राष्ट्रीय गुण समजला जातो आणि हा वाक्प्रचार म्हणजे त्यांचं जणू ओळखपत्र. प्रत्यक्षात तो अमेरिकन आहे. त्याचा सर्वांत जुना ज्ञात छापील वापर १८१५ मधला, ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ या वृत्तपत्रातला. ‘अंकल टॉम्स केबिन’ या १८५२ च्या अमेरिकन कादंबरीतही तो येतो. इंग्रजांनी तो नंतर उचलला आणि असा काही अंगी मुरवला की मूळ मालकांनाही आपला वाटेना. १९३७ मध्ये ‘अ डॅम्झेल इन डिस्ट्रेस’ या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी गर्श्विन बंधूंनी या शब्दांवर गाणं रचलं ते इंग्रजांची गंमत करायला. १९६३ मध्ये इंग्रज विनोदी लेखक वुडहाउसच्या जीव्ह्‌ज-कादंबरीच्या शीर्षकात हेच शब्द आले, तेव्हा वुडहाउस अमेरिकन नागरिक होऊन आठ वर्षं झाली होती. इतिहासकार थॉमस डिक्सन यांनी २०१५ च्या ‘वीपिंग ब्रिटानिया’ या पुस्तकात आणखी एक धक्का दिला. इंग्रज पूर्वी सढळ हाताने रडत, आणि हा कोरडेपणा साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा आहे, असं त्यांचं म्हणणं. साम्राज्य चालवायला निघालेल्या पोरांना शाळेत जे शिकवलं, ते स्वभाव म्हणून खपलं. आणि एक शंका मला नेहमी येते: रडू येताना आधी थरथरतो तो खालचा ओठ, मग ताठ ठेवायचा तो वरचा का? मिशी असली तर कळणारही नाही.

आता दुसरं खोड. मृतदेहाला ‘स्टिफ’ म्हणण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकन बोलीत झाली. नाव पडलं ते मरणोत्तर ताठरतेवरून. स्नायूचं आकुंचन होताना त्यातले दोन प्रकारचे प्रथिनांचे तंतू एकमेकांना धरतात. धरलेला हात सोडवायला एटीपी नावाचं रेणूरूपी इंधन लागतं. बारकावा हा की स्नायू सैल व्हायलाही इंधन लागतं. मेल्यावर ते संपतं आणि धरलेले हात धरलेलेच राहतात. पापण्या, जबडा अशा लहान स्नायूंत दोन-तीन तासांत ताठरपणा जाणवू लागतो, बारा तासांच्या सुमारास सगळं शरीर कडक होतं आणि पुढे दीड-दोन दिवसांत प्रथिनंच विघटित होऊ लागल्याने ते पुन्हा सैल पडतं. उष्ण हवेत हे सगळं लवकर येतं आणि लवकर जातं, म्हणून मृत्यूची वेळ सांगताना आपल्याकडच्या शवविच्छेदनात थंड देशांतले आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणजे ज्या गुणावरून मृतदेहाला नाव मिळालं तो गुण त्याच्यात जेमतेम दोन दिवस टिकतो. मेरी रोच यांनी विज्ञानाच्या कामी येणाऱ्या मृतदेहांवर २००३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘स्टिफ’ असं आहे. त्यातली बरीचशी प्रेतं या हिशेबाने स्टिफ राहिलेली नसणार!

मृतदेहापासून पुढे शब्द कुठे कुठे गेला ते पाहण्यासारखं आहे. शर्यतीच्या मैदानावर १८९० च्या सुमारास ‘स्टिफ’ म्हणजे हरणार हे ठरलेलंच असलेला घोडा. तिथून कुठलीही पडणारी गोष्ट. गाण्यांच्या व्यवसायात न खपलेली तबकडी ‘स्टिफ’. १९७६ मध्ये लंडनला एक छोटी रेकॉर्ड कंपनी निघाली आणि मालकांनी तिचं नावच ‘स्टिफ रेकॉर्ड्‌स’ ठेवलं. स्वतःला आधीच ‘पडेल’ म्हणून घेतलं की समीक्षक काय म्हणणार? त्याच वर्षी तिने ‘द डॅम्ड’ या बँडची ‘न्यू रोझ’ ही एकेरी तबकडी काढली आणि ब्रिटिश पंकची पहिली तबकडी म्हणून इतिहासात तिचीच नोंद होते.

माणसाला ‘स्टिफ’ म्हणणं ही आधी हेटाळणी होती. मग ती बोथट होत होत नुसता ‘इसम’ उरला. पाठीवर वळकटी टाकून मालगाड्यांवर चढायचं, आज गव्हाच्या कापणीला, उद्या लाकूडतोडीला, असं पश्चिम अमेरिकेत फिरणारे मजूर म्हणजे ‘बिंडल स्टिफ’. बिंडल म्हणजे ती वळकटी. स्टाइनबेकच्या १९३७ च्या ‘ऑफ माइस अँड मेन’मधले जॉर्ज आणि लेनी हे असेच दोघे. ‘वर्किंग स्टिफ’ म्हणजे पोटासाठी राबणारा साधा माणूस. या शब्दात आता तुच्छता जवळजवळ नाही. कष्टकरी स्वतःबद्दल तो वापरतो आणि त्यात थोडा अभिमानही असतो. नशीबवान माणसाला हेव्याने ‘लकी स्टिफ’ म्हणतात. मेलेल्या माणसावरून पडलेलं नाव पन्नास-साठ वर्षांत जिवंत, घाम गाळणाऱ्या माणसाला चिकटलं. मराठीत ‘मेल्या’ म्हणून प्रेमाने हाक मारणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटू नये.

क्रियापद सर्वांत उशिरा आलं. कुणाला ‘स्टिफ’ करणं म्हणजे त्याचे पैसे बुडवणं. नोंदी मिळतात त्या १९३९ च्या सुमारापासून, आणि सुरुवात झाली हॉटेलातल्या वाढप्यांमध्ये. टिप न ठेवता उठलेलं गिऱ्हाईक त्यांना ‘स्टिफ’ करून जातं. याची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. मेलेला माणूस टिप देत नाही, हे एक. ‘स्टिफ’ म्हणजे कफल्लक माणूस, त्याच्याकडे द्यायला काही नसतंच, हे दुसरं. पहिलं चटकदार आहे म्हणूनच मला ते संशयास्पद वाटतं. वाढप्यांना प्रेतांपेक्षा कफल्लकांशी जास्त गाठ पडायची. पुढे ठेकेदाराचं बिल थकवणाऱ्या बड्या धेंडांबद्दलही अमेरिकन वृत्तपत्रं हाच शब्द वापरू लागली.

ऑस्ट्रेलियात ‘स्टिफ लक’ म्हणजे फुटकं नशीब. ब्रिटनमध्ये जाड पुठ्ठ्यावर छापलेल्या निमंत्रणाला ‘स्टिफी’ म्हणतात आणि ते शेकोटीवरच्या फळीवर पाहुण्यांना दिसेल असं ठेवतात. ‘स्टिफ ब्रीझ’ सगळे म्हणतात, पण वाऱ्याच्या बोफर्ट मापनश्रेणीत त्या नावाची पायरीच नाही.

बोलीने शब्दाला एवढं भटकवलं, तर अभियंत्यांनी त्याला एका सूत्रात बांधलं. रॉबर्ट हुकने १६७६ मध्ये आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये कोडं सोडवून दाखवलं: जेवढा ताण, तेवढा जोर. स्प्रिंगला एकक लांबीने ताणायला किती बल लागतं, ती तिची ‘स्टिफनेस’. पदार्थाच्या बाबतीत हेच माप थॉमस यंगच्या नावाने ओळखलं जातं. पोलादाचं ते सुमारे २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचं सुमारे ७०.

इथे सामान्य माणसाचा आणि अभियंत्याचा रस्ता वेगळा होतो. आपण कडक म्हणजे मजबूत धरून चालतो. जे. ई. गॉर्डन या ब्रिटिश पदार्थशास्त्रज्ञाने हा घोळ रोजच्या वस्तू मांडून सोडवला. बिस्किट स्टिफ आहे पण दुबळं. नायलॉन लवचिक आहे पण मजबूत. पोलाद दोन्ही, जेली दोन्ही नाही. साध्या पोलादाऐवजी महागडं, दुप्पट मजबूत पोलाद आणलं तरी त्याची स्टिफनेस जवळजवळ तीच राहते. त्या भरवशावर तुळई बारीक केली तर ती तुटणार नाही, पण जास्त वाकेल आणि वरची फरशी चालताना हलेल. मजबुती किती भार पेलेल ते सांगते, स्टिफनेस तो पेलताना किती लवेल ते सांगते.

समुद्रावर हा शब्द सगळ्यात उलटा वागतो. कलल्यावर झटकन सरळ होणारं जहाज ते ‘स्टिफ’, आणि रेंगाळत, सावकाश सरळ होणारं ते ‘टेंडर’. ऐकणाऱ्याला वाटतं, झटकन सरळ होणारं चांगलंच. खलाशाला विचारा. जहाजाचं वजन फार खाली असलं की लाट त्याला कलवते आणि ते हिसका देऊन परत येतं, पुन्हा कलतं, पुन्हा हिसका. भांडी उडतात, माणसं आदळतात, सांधे कुरकुरतात. लोहखनिजाच्या बाबतीत ही अडचण हमखास येते. खनिज इतकं जड की कोठाराचा थोडासाच भाग भरला तरी जहाज पुरेसं बुडतं, आणि सगळं वजन तळाशी. गोव्यात मुरगाव बंदरातून दशकानुदशकं खनिज भरून जहाजं बाहेर पडली, त्यांच्या कप्तानांना हे गणित तोंडपाठ असणार. म्हणून खास खनिजवाहू जहाजांचा दुहेरी तळ मुद्दाम उंच बांधतात. माल वर उचलला जातो आणि जहाज थोडं कमी स्टिफ होतं. माल ठासणारा स्टीव्हडोर आणि ठासल्यामुळे स्टिफ झालेलं जहाज, दोघे एकाच धातूची लेकरं, पण ही गाठभेट व्युत्पत्तीने नाही, कामानेच घडवली.

गणितात १९५२ मध्ये कर्टिस आणि हर्शफेल्डर या दोघांनी काही समीकरणांना ‘स्टिफ’ म्हटलं. रासायनिक प्रक्रियेत एक घटना निमिषार्धात संपते आणि दुसरी तासभर चालते. दोन्ही एका समीकरणसंचात आल्या की नेहमीच्या पद्धतीने उत्तर काढणाऱ्या संगणकाला शेवटपर्यंत मुंगीच्या पावलांनी चालावं लागतं, वेगवान घटना केव्हाच विझलेली असली तरी. इथेही अर्थ पहिल्या खोडाचाच: पुढे ढकलावं तर दाद देत नाही.

वैद्यकात मात्र या साध्या शब्दाला मोठी जबाबदारी आली. मान अवघडली, पाठ धरली, सांधे आखडले, असं आपण डॉक्टरांकडे म्हणतो आणि ते कागदावर एकच ‘स्टिफनेस’ लिहितात. पण पुढचा प्रश्न महत्त्वाचा असतो: सकाळी उठल्यावर किती वेळ? अर्ध्या तासाच्या आत मोकळं होत असेल तर झिजेचा संधिवात असण्याकडे कल जातो, तासाच्या वर जात असेल तर आमवातासारख्या दाहाच्या आजाराकडे. ताप आणि डोकेदुखीबरोबर मान ताठ झाली असेल तर मेंदूज्वराची शंका घेऊन लगेच धावपळ होते.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मर्श आणि वोल्टमन यांनी १४ रुग्णांचं वर्णन करून एका दुर्मीळ आजाराला ‘स्टिफ-मॅन सिंड्रोम’ म्हटलं. धड-पाठीचे स्नायू हळूहळू कडक होतात. दार आपटलं, फोन वाजला, कुणी अचानक हात लावला, तर जबरदस्त गोळे येतात आणि माणूस ओंडक्यासारखा पडतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्नायू सैल सोडायला सांगणाऱ्या चेतासंदेशांच्या मार्गातच अडथळा आणते, हे नंतर कळलं. हा आजार बायकांना पुरुषांहून जास्त होतो हेही कळलं, आणि नाव बदलून ‘स्टिफ-पर्सन’ झालं. दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणाऱ्या या आजाराचं नाव बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते डिसेंबर २०२२ मध्ये, गायिका सेलीन डिऑन यांनी आपल्याला तो झाल्याचं सांगितलं तेव्हा. गळ्याच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंनाही तो सोडत नाही, म्हणून त्यांना कार्यक्रम रद्द करावे लागले होते.